दोन पायल्या दाय

टाकाचं टोक आधी अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहायचं. कागदाला डावीकडं चार बोटं जागा सोडायची. नवा शब्द कानावर पडला की त्याच दिवशी एखाद्या अर्जात बसवायचा. लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं, आणि ऐकणाऱ्यानं मान हलवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही.

वरोऱ्याच्या कचेरीसमोर चिंचेखाली बसणाऱ्या केवळराम अर्जनविसांच्या या सवयी लच्छूला पाठ होत्या. बी. ए. होऊन आलेल्या लच्छूला नोकरी नव्हती. तो रोज त्यांच्या चटईवर जाऊन बसायचा.

'दाय' हा शब्द त्यानंच दिला. नव्या कायद्यानं बापाच्या जमिनीत लेकीलाही वाटा आला होता, आणि त्या वाट्याला केवळरामभाऊंना भारदस्त नाव हवं होतं.

"दाय," लच्छू म्हणाला. "संस्कृत आहे. 'दा' म्हणजे देणे. वडिलांकडून लेकरांना द्यायचं ते दाय."

"म्हंजे हिसकायचं नाई, द्यायचं! जबर शब्द हाय, बीए!"

पलीकडं चिमूरकडचा मुखरू बिडी ओढत बसला होता. तो हसला. लच्छूला वाटलं, शब्द आवडला असेल.

आठवड्यानं मुखरू बहिणीला, गिरजाला, घेऊन आला. त्यांचा बाप होळीला वारला होता. मागं चार एकर धानाचं वावर होतं. "बाईले तिचा दाय पोचला, तेवढं लिहून द्या," मुखरू म्हणाला. केवळरामभाऊंनी लिहिलं आणि वाचायला घेतलं, "वडिलांकडील दाय मला पोचल्याने..."

मुखरूनं मधेच विचारलं, "गिरजे, दाय पोचली ना तुले?"

"पोचली ना. खडे लय हायेत तिच्यात, पन पोचली."

जमीन खडकाळ असेल, असं केवळरामभाऊंना वाटलं. गिरजानं मान हलवली. अंगठा उठला. शाई पुसायला त्यांनी तिला आपला फडका दिला.

पेरणीच्या दिवसांत ती एकटीच चालत आली. "भाऊ, माह्या वाट्याचं वावर मले कवा भेटते? मुखरू तं नांगर घालून राह्यला."

"दाय पोचला म्हनत होती ना तू?"

"पोचली ना. तुरीची. दोन पायल्या. तो म्हने, पोचल्याचं लिहून द्या लागते."

त्या भागात डाळीला दायच म्हणतात. केवळरामभाऊही घरी दायच जेवायचे. ते बाजूला वळून थुंकले.

देणं सांगणारा शब्द मुखरूनं लुबाडायला वापरला होता, आणि तो त्याच्या हातात लच्छूनं फुकट ठेवला होता. बिडीमागचं ते हसू त्याला आता कळलं. त्या दिवशी घरी ताटात वरण आलं, तसा तो उठला.

"कागद रद्द कराले अर्ज द्या लागते," केवळरामभाऊ दुसऱ्या दिवशी म्हणाले. "फसवून लिहून घेतलं, असा. आन लिहनारा मीच, हेही त्याच्यात लिहा लागते. जाईन परवाना तं जाईन."

त्यांनी टाक नखावर टेकवला. पण दुपारी त्यांना हीव भरून आलं, आणि सहाव्या दिवशी ते गेले.

दहनानंतर लच्छूनं त्यांची कागदांची पेटी उघडली. अर्ज वरच होता, डावीकडं चार बोटं जागा सोडलेला. 'सदर बाईस दाय म्हणून तुरीची डाळ दिली. परंतु दाय म्हणजे' एवढ्यावर अक्षर थांबलं होतं.

समोर गिरजा बसली होती. लच्छूनं तिथवर मोठ्यानं वाचलं.

"वाचा ना, बीएभाऊ," ती म्हणाली. "मंग पुढं?"