क्रिओसोटचं पिवळं फूल

क्रिओसोटच्या झुडपाचा डांबरट वास आला की मोहावी वाळवंटातली ती दुपार आठवते. बाकीचे सरडे बिळात दडले होते, पण उन्हाला न भिणारा डेझर्ट इग्वाना रोजच्यासारखा माझ्या हातातलं पिवळं फूल खायला आला. इग्वाना नुसते बघायचे, पकडायचे नाहीत, असं लॅबमधल्या माझ्या सीनियरनेच सांगितलं होतं. “फक्त तुझ्याकडे येतो यार! हलू नकोस, फोटो काढतो,” सीनियर म्हणाला. मी हरखून हात तसाच धरला, आणि त्याने दुसऱ्या हातात पाठीमागे लपवलेल्या काठीच्या टोकाचा फास इग्वानाच्या गळ्यात पडला. पुन्हा ओळखता यावा म्हणून खुणेसाठी त्याने इग्वानाच्या पायाचं एक बोट कापलं. त्यानंतर माझी सावली दिसली तरी इग्वाना बिळात पळायचा. अजूनही कुणी कौतुक केलं, की मी आधी त्याचा दुसरा हात बघते.