गाव सोडलेल्यांचं आडनाव

यान्बूच्या प्लांटमध्ये आमच्या जागी सौदी पोरांची भरती सुरू झाली, तेव्हा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, वाढेल की घरी पाठवतील, याची मला काळजी लागली. त्या दिवसांत एक जर्मन इंजिनिअर आला होता. चहा पिताना हेल्मेटवरच्या आडनावावर अंगठा फिरवायचा.

"हे आमच्या गावाचं नाव," तो एकदा म्हणाला. "गाव सोडून गेलेल्यांना पडलं. जर्मनांना, ज्यूंनाही. म्हणून जगभर सापडतं."

"आमच्या कोकणातही तेच, साहेब. हिंदू काय, आम्ही मुसलमान काय, गावाला 'कर' लावायचं."

"मग तूही गाव सोडलेलाच!" तो हसला. "फोरमनला सांगितलंय, हा वेल्डर ठेवा. मी उद्या घरी चाललो."

त्याच्यामुळेच माझा इकामा वाढला. अल्लाह त्याचं भलं करो. पण दुसऱ्या दिवशी तो घरी निघाला, तेव्हा त्याची बॅग गाडीत ठेवताना मी हेव्याने जळत होतो.