डोमामामांचा मुकुट

कोजागिरी झाली की डोमामामा घरात राजासारखे बोलू लागत. ओसरीवर धानाच्या पोत्यावर पाय लांब करून बसायचे, मिशीला पीळ द्यायचे आणि भरदार आवाजात हाक मारायचे, "कोण आहे रे तिकडे? पाणी घेऊन या." आतून सगुणामामी म्हणायची, "कोनी नाही इकडं. मीच हाव, आन् मले कामं हायेत. हातानं घ्या." मग राजे मुकाट उठत, माठातलं पाणी पीत आणि पुन्हा पोत्यावर येऊन बसत.

लाखनीजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई भरते. पाहुणेरावळे येतात, दुकानं लागतात आणि दुपारी दंडार होते, म्हणजे गाणं-बजावणं आणि नाटक असा आमच्याकडचा खेळ. त्यातला राजा कायम डोमामामा, साऱ्या गावाचे मामा. पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून मुकुट त्यांनी स्वतःच केला होता. मंडई संपली की तो चुलीजवळच्या खुंटीवर जाई आणि मामी त्यात लसूण ठेवी. खेळाआधी मामा मुकुटाला दोन दिवस ऊन दाखवत, तरी वास काही जात नसे. मी लाखनीच्या शाळेत इतिहास शिकवतो, संवाद पाठ राहतात, म्हणून मला प्रधान केलेलं. राजाच्या शेजारी उभं राहून तो वास मी वर्षानुवर्षं घेतला आहे.

नाटक जुलमी राजाचं. तो धान्य लुटतो, चाबूक चालवतो, शेवटी प्रजा उठते आणि त्याला सिंहासनावरून खाली ओढते. पडण्याचा प्रसंग मामा असा काही रंगवत की बाया पदर तोंडाला लावून हसत आणि रडत. पण या क्रांतीच्या नाटकाची सुरुवात व्हायची ती मालकाच्या पायापासून. मालक म्हणजे जुन्या मालगुजारांचे, इथल्या जमीनदारांचे, नातू. मालगुजारी कधीच गेली, गावचा तलावही कागदावर त्यांचा राहिला नाही. ते स्वतः नागपूरला राहायचे. तरी मंडईला त्यांची पांढरी गाडी आल्याशिवाय ढोलकी वाजायची नाही. गाडी आली की राजाने पूर्ण वेषात खाली उतरायचं, मुकुट काढून मालकाच्या पायाशी ठेवायचा. मागोमाग प्रधान वाकणार, मग प्रजा. मालक मुकुट उचलून परत राजाच्या डोक्यावर ठेवणार, नारळ देणार, आणि मग खेळ. हे सगळं आम्ही इतकी वर्षं केलं आणि त्यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही, याचं मला आता नवल वाटतं आणि रागही येतो.

एकदा मामांनी मला चहाच्या टपरीवर गाठलं. "मास्तर, तुमच्या पुस्तकातल्या त्या राजाले लोकायनं काहून काढलं जी?" फ्रान्सच्या राजाबद्दल मी वर्गात सांगतो तसं सांगितलं. कर वाढले, पाव महागला, राजा चैनीत राहिला, गाऱ्हाणी कोणी ऐकली नाहीत.

"हे तं आधीबी असनच ना. मंग तवाच काहून?"

मी आणखी कारणं सांगितली. मामांचं समाधान होईना. शेवटी चहाचा ग्लास खाली ठेवत ते म्हणाले, "कमरा दुखाले लागल्या असन लोकायच्या." आणि म्हशी सोडायला निघून गेले. मी ते गंमत म्हणून वर्गात सांगितलं, तर एका पोरीने परीक्षेत लिहून ठेवलं. मी गुण दिले.

त्यानंतरच्या साली धान लोंबीवर असताना पावसाने तोंड फिरवलं. तलावात पाणी होतं. पण पाणी सोडायच्या दाराची, ज्याला आम्ही तुडुम म्हणतो, त्याची किल्ली मालकाच्या दिवाणजीकडे. आधी मालकाच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, भरली. मग दिवाणजी रोज म्हणू लागला, "मालकाले इचारून सांगतो." आणि मालकाचा फोन लागायचा नाही. तलावापासून लांबच्या, शेपटाकडच्या बांध्यांना पाणी पोचलं तेव्हा धान पोचट होऊन गेलं होतं. मामांचंही गेलं, माझ्या भावाचंही.

तरी मंडई होणार होती, तालीम सुरू झाली. मामांचा सगळा राग तिथे निघू लागला. तसेही तालमीत ते हुकूमशहाच असत. कोणाचा संवाद चुकला की आईबाप काढत. एके दिवशी प्रजेवर घसरले, "वाकता का पडता? राजासमोर असं वाकते का कोनी?" पीक गेलेली माणसं, त्यात ही बोलणी. ढोलकीवाला शंकर आम्हाला हळूच म्हणाला, "आता कोनीच नोका वाकू." मामा ऐटीत दरबारात आले. आम्ही ताठ उभे. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "उठा प्रजाजनहो." आता वाकलेलंच कोणी नाही, तर उठवणार कोणाला? मामा तोंड उघडं ठेवून उभे राहिले. आता आमची धडगत नाही असं मला वाटलं. तर ते हसायला लागले, हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे बाप्पा," ते म्हणाले, "म्हंजे राजा मी नव्हतोच. तुमीच वाकून वाकून मले राजा करून राहिले होते."

त्यांनी तो प्रवेश आमच्याकडून पुन्हा करवून घेतला, न वाकता. आणि चहा न घेताच घरी गेले. त्यानंतर तालमीत त्यांनी कोणाला शिवी दिल्याचं मला आठवत नाही.

मंडईच्या दुपारी नेहमीप्रमाणे लोक उन्हात ताटकळले. गाडी आली, मालक खुर्चीवर बसले. मामा वेषात खाली उतरले, समोर जाऊन उभे राहिले आणि मुकुटाला हातच लावला नाही. दिवाणजीने डोळे वटारले. मामा म्हणाले, "मालक, औंदा आमचं धान वारलं. तलावात पानी असून वारलं. मुकुट ठेवाले मन होत नाही."

मालकांनी दिवाणजीकडे पाहिलं. दिवाणजी पुढे झाला. "डोमा, तुहं घर कोनाच्या जागेवर हाय, ध्यानात हाय ना?"

"हाय ना जी. घर तुमच्या जागेवर हाय. मुंडकं माह्याच खांद्यावर हाय."

आता वाकायची पाळी माझी होती. मला भीती वाटली, ते मी मान्य करतो, पण मी वाकलो नाही. माझ्यामागे प्रजा उभी होती, तीही ताठच. तेवढ्यात शंकरने ढोलकीवर थाप मारली. मालक थोडा वेळ बसले आणि उठले. त्यांना वाट द्यायला कोणी उभं राहिलं नाही, लोकांनी फक्त गुडघे बाजूला घेतले. त्या दुपारी मामा सिंहासनावरून पडले तेव्हा जो गलका झाला, तसा मी पुन्हा ऐकला नाही.

चार दिवसांनी घर खाली करायचा निरोप आला. मागोमाग छपराचे कवेलू काढायला माणसं आली, तर अंगणात अख्खी दंडार बसलेली, बायापोरांसकट. मामी त्या माणसांनाही म्हणाली, "बसा, चहा घ्या." ती माणसं चहा पिऊन परत गेली. जागेचा वाद तहसीलमध्ये गेला आणि अजून तिथेच आहे. घर मात्र हललं नाही. पुढच्या खरिपात गावाने तुडुमाची किल्ली दिवाणजीकडून मागून घेतली आणि पाणी शेपटाकडून सुटायला लागलं. पाण्याच्या पाळीवरून रोज भांडणं होत, त्यात मामा सगळ्यांत पुढे. मी चिडवलं, "मामा, हीच का तुमची क्रांती?" तर म्हणाले, "भांडन चालते, मास्तर. वाकनं नाही चालत."

यंदा कोजागिरीच्या आधीच मामा गेले. तापाचं निमित्त झालं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. अंगणात सारं गाव जमलं होतं. मालकही आले. कोणी धावपळ केली नाही, सतरंजीवर सरकून जागा दिली, ते बसले. शंकर रडत आत गेला, खुंटीवरचा मुकुट घेऊन आला आणि मामांच्या पायाशी ठेवायला वाकला. आम्हा सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

उशाशी बसलेली मामी म्हणाली, "पायाजवळ नोको ठेवू, शंकर. ते रीत त्यायनंच मोडली."

तिने त्याच्या हातून मुकुट घेतला, त्यातल्या लसणाच्या चार पाकळ्या पदरात काढल्या आणि तो माझ्या हातात दिला. "मंडई आली, मास्तर. याले ऊन दाखवा."