बाथरूमजवळची खुर्ची

काचीगुड्याच्या एका लघवीच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसतो. मला लाज फार, मान वर होत नाही. त्यामुळे घरी न सांगितलेलं लोक मला सांगून मोकळे होतात. असे किस्से साचत जातात आणि ते पुढे सांगायची पुन्हा मलाच लाज! पण आमच्या पेशंट शांताकाकू म्हणाल्या, "माझे खुशाल सांग रे!" म्हणून हे.

* * *

आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी बाथरूमच्या दाराजवळच्या खुर्चीला. तिच्यावरून काकूंची आणि रिटायर्ड बस कंडक्टर यादगिरींची दर वेळी जुंपायची. घाई दोघांनाही आवरत नसे.

"काकू, हे लेडीज सीट नै!"

"मग तिकीट फाडा माझं!" म्हणेपर्यंत काकू बसलेल्यासुद्धा असायच्या.

* * *

बेगम बाजारात काकू हळद-मिरची एकाच दुकानातून घ्यायच्या. यादगिरींनी विचारलं, "इतकी चांगली हळद है क्या तिथं?"

"हळद कोण बघतंय? मागे बाथरूम आहे!"

* * *

काकूंना गोळ्यांनी गुण येईना. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "मूत्राशयाच्या नसेजवळ बारीक वायर बसवू. आधी आठवडाभर ट्रायल, यंत्र बाहेर पट्ट्याला. फरक पडला तरच कायमचं, कमरेखाली कातडीच्या आत. हलके झटके देऊन ते नसेला शिस्त लावतं."

काकूंचे यजमान, म्हणजे काका, पुढे सरकले. "हिला शिस्त लावणारं यंत्र निघालं?"

काकूंनी नुसतं बघितलं. काका बाहेर जाऊन बसले. बाथरूमजवळच्या खुर्चीवर!

* * *

ट्रायलमध्ये काकू एकदा आल्या त्या ओठ सुकलेल्या. पास व्हायचं म्हणून पाणी, चहा, सगळं बंद!

"ही तर कॉपी झाली," मॅडम म्हणाल्या.

"आणि नापास झाले तर? जन्मभर त्या खुर्चीवर?"

मॅडमनी चहा मागवला आणि समोर बसून प्यायला लावला. उरलेले दिवस काकू नेहमीसारखं पाणी, चहा प्यायल्या, तरी धावपळ निम्म्याहून कमी झाली. काकू पास!

* * *

यंत्र आत बसलं. त्याचा जोर कमी-जास्त करायला रिमोट मिळाला. काकांनी सवयीने हात पुढे केला.

"टीव्हीचा तुमच्याकडे असतो ना? हा माझा!"

* * *

परवा काकू तपासणीला आल्या. बाथरूमजवळची खुर्ची रिकामी होती. त्या लांब, खिडकीपाशी जाऊन बसल्या. मागून यादगिरी आले. ट्रायलचं त्यांचं अजून हो-नाही चाललंय. ते त्या खुर्चीवर टेकले आणि तिथूनच ओरडले, "काकू, बेगम बाजारात तेच दुकान ना अजून?"

"छे हो! त्याच्या हळदीला रंग कुठे होता?"