ट्रकच्या बॅटरीवरचा दिवा

दुष्काळात बोअर घेणाऱ्या आमच्या पथकाचा मुक्काम नातेपुत्याजवळच्या माळावर होता. आम्ही ट्रेलरमध्ये राहायचो, आणि त्यातला एकुलता एक दिवा ट्रकच्या बॅटरीवर, म्हणजे ड्रायव्हरमामांच्या मर्जीवर चालायचा. आम्ही जेवायला बसलो की ते दिवा मालवायचे.

"घास काय कानात जातुया व्हय?"

पथकाच्या साहेबांनी रेडिओ लावला, तर मामा सरळ वायर काढायचे. "बातम्या उद्या पेपरात बी येत्यात की!" साहेब रेडिओ पिशवीत ठेवायचे.

एकदा दिवस मावळताना शेजारच्या तळावरचा मेंढपाळ धावत आला. त्याची मेंढी विताना अडली होती. मामांनी कुणाला न विचारता दिवा काढला, लांब वायर जोडली आणि दोन तास तो हातात धरून मेंढीपाशी उकिडवे बसले.

मी हळूच म्हणालो, "मामा, बॅटरी?"

"गप ऱ्हावा! हितं जीव अडकलाय."

सकाळी ट्रक काही केल्या सुरू होईना. साहेबांसकट आम्ही सगळे ढकलायला लागलो. मामा आतून ओरडत होते, "जोर लावा की, लई मऊ झालाय तुमी!"

अखेर इंजिन धडधडलं. ते तसंच चालू ठेवून मामांनी खाली उडी मारली. आम्हाला वाटलं, आता दोन शब्द आभाराचे बोलतील. पण आमच्याकडे न बघता ते कोकरू उभं राहिलं का ते पाहायला गेले.