दारामागचं पान

माझ्या नवऱ्याला दारू नाही, खर्रा नाही, पत्ते नाहीत. लग्न ठरवताना हे मला दहादा सांगण्यात आलं. पुस्तकाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही.

हे, म्हणजे धर्मपाल रामटेके, रायपूरच्या रेल्वे वर्कशॉपात पेंटर आहेत. मालगाडीच्या डब्यांवर पांढरे नंबर रंगवतात. गुढियारीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझ्या लग्नातल्या पांढऱ्या साडीला नाही एवढी मानाची जागा एका फाटक्या इंग्रजी पुस्तकाला आहे. तेही मलमलीत गुंडाळून.

शाळेत असताना यांना ते गोल बाजारातल्या रद्दीवाल्याकडे सापडलं. परदेशी रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यातलं. गोल बसून खेळायच्या साहसाचं पुस्तक. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं, मग तळघरं, राक्षस, खजिना. पण खेळाचे नियम होते दुसऱ्याच पुस्तकात, आणि ते रायपुरात कधी आलंच नाही. शिवाय हे आणि यांचे शाळेतले मित्र, इंद्रजीत आणि तात्यापारा मोहल्ल्यातला निरंजन, तिघांच्याही इंग्रजीचा आनंदच होता. मग यांनी चित्रांवरच खेळ चालवला. चित्र समोर धरायचं आणि विचारायचं, "काय दिसते? आता काय करता?" फाशांऐवजी फोडलेले चिंचोके. एक तरी पांढरी बाजू वर आली तर जमलं, सगळे काळे पडले तर फसलं. नियम सगळे यांनीच केलेले. त्यातला एक भलताच कडक होता: दार एकदा अडलं की त्या दिवशी पुन्हा ढकलायचं नाही.

चित्रं मात्र बघण्यासारखी आहेत, खोटं कशाला बोलू? नुसती काळी शाई आणि बारीक रेघा. शेवटच्या चित्रात तिघं मशाल घेऊन एका प्रचंड दारासमोर उभे आहेत, आणि मशालवाला मागे वळून घाबरून आपल्याकडेच बघतोय. त्याचं नाक थेट इंद्रजीतसारखं. माझी मुलगी रुचिता कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर असलेच खेळ खेळते. तिच्या मोबाईलवरचे राक्षस लग्नाच्या अल्बमसारखे चकचकीत. त्यांची भीती कसली वाटणार!

खेळात तिघं त्या दारापाशी आले आणि निरंजनच्या वडिलांची चक्रधरपूरला बदली झाली. रेल्वेवाल्यांची पोरं, दुसरं काय होणार? तिघांनी शपथ घेतली, तिघं एकत्र बसल्याशिवाय दार उघडायचं नाही. कुणाला मोह नको म्हणून पुढची दोन पानं कणकेच्या खळीनं चिकटवून टाकली.

या गोष्टीला तीस-पस्तीस वर्षं झाली. जयंतीच्या मिरवणुकीतल्या झांकीचा पडदा रंगवतानाही हे कोपऱ्यात ते दार काढतात. लोक विचारतात, "ये क्या है भैया?" हे नुसते हसतात आणि उत्तर मला द्यावं लागतं. मी वैतागून कितीदा म्हटलं, "वाफेवर धरा न, सुटते ते पान." यांचं एकच, "निरंजन आल्यावर."

आणि यंदा निरंजन खरंच आला. बँकेतली बदली होऊन तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरी. मग सुरू झालं, "या रविवारी येतो, त्या रविवारी येतो." यांनी दर रविवारी सतरंजी घालायची आणि मी कोथिंबीर निवडायची. शेवटी उगवला एकदाचा. मी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळत होते. चिंचोके धुऊन पुसून हे बसले होते, नवरदेवासारखे.

निरंजननं आधी फ्लॅटचे भाव सांगितले, मग स्वतःची शुगर सांगितली. इंद्रजीत आधीच येऊन बसला होता, तो मान डोलावत हव हव करत राहिला. अखेर यांनी पुस्तक उघडलं, दाराचं चित्र समोर धरलं आणि घसा साफ करून विचारलं, "काय दिसते? आता काय करता?"

"अबे, हे अजून आहे तुझ्याकडे? रुक जा," म्हणत निरंजननं मुखपृष्ठाचा फोटो काढला. मोबाईलवर दोनदा बोट फिरवलं. "पूरी किताब पडी आहे नेटवर! हे पाहा, दारामागचं." आणि त्यानं मोबाईल सगळ्यांसमोर धरला.

यांनी डोळे गच्च मिटले. पन्नाशीचा माणूस, लहान पोरासारखा. इंद्रजीतनं पाहिलं, रुचितानंही पाहिलं.

"बस, इतकंच?" निरंजन हसला. "याच्यासाठी आपण पान चिकटवलं होतं!" मग त्यानं वड्या खाल्ल्या, "वहिनी, मजा आली" म्हणाला, आणि इंद्रजीतला गाडीत घालून निघून गेला. माझं डोकं असं फिरलं होतं की झारा त्याच्या मागे फेकावासा वाटला. माणूस वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

यांनी पुस्तक मलमलीत गुंडाळायला घेतलं. "रद्दीत देऊन टाक," म्हणाले. हे वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं टपून बसले होते, आणि ऐकल्यावर मी जागची उठलेच नाही.

रुचिता जवळ येऊन बसली. तिला मराठी सगळी कळते, बोलते मात्र हिंदीच. "पापा, आपने देखा?"

"नाही. डोळे मिटले होते म्या."

"मैंने देखा है।"

"सांगू नको!" हे ओरडले. हा माणूस घरात कधी आवाज चढवत नाही.

"नहीं बता रही।" तिनं त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं, दाराचं चित्र काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "क्या दिखता है? अब क्या करोगे?"

हे पुढे झुकून चित्र बघू लागले. मग सतरंजीवर सरकून बसले. "मशाल इंद्रजीतजवळ देतो. त्याले म्हणतो, मांगं पाहू नको. आन मी दार ढकलतो."

चिंचोके मुठीत खुळखुळवले आणि टाकले. सगळे काळे.

यांचा चेहरा उतरला. हात हळूच चिंचोक्यांकडे गेला, तसा रुचितानं आपला पंजा त्यांच्यावर ठेवला. "दरवाज़ा अड़ गया, पापा। आज दोबारा नहीं।"

"अवो, पण इतक्या वर्षांनंतर..."

"नियम आपका है।"

न्याय मागायला यांनी माझ्याकडे बघितलं.

"माह्याकडे काहून पाहून राहिले?" मी म्हटलं. "नियम तुमचाच आहे न? मंग उद्या ड्युटीवरून सरळ घरी या."