काठावरचं नाव

पांढुर्ण्याच्या बाजारात भांडं कोणत्याही दुकानातून घ्या, त्यावर नाव टाकायला भाऊराव ढोकेंच्या टेबलाशीच यावं लागतं. चाळीस वर्षं झाली, अर्ध्या तालुक्याची लग्नं आणि बारशी त्यांच्या मशीनच्या सुईखालून गेली आहेत. माणूस तसा तिरसट. दुसऱ्याचं नाव घासून आपलं टाकायला कोणी भांडं आणलं, तर ते उचलून परत हातात देतात आणि वर दोन शब्द सुनावतात.

अशा माणसाला पदकांचा नाद लागला तो मोडीच्या ढिगामुळे. जुनी पितळ मोडीत देताना लोक डबा उपडा करतात, आत काय आहे ते बघत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी त्या ढिगात वायुसेनेतल्या कोणाचं तरी पदक निघालं. दुसऱ्या कोणी वरचं चित्र पाहिलं असतं. यांनी सवयीने काठ पाहिला. काठावर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव.

"जित्या मानसाचं नाव हाय हे, अन् तुमी भट्टीत टाकून राहिले?" म्हणून ते दुकानदाराशी कडाकडा भांडले. तेव्हापासून वायुसेनेची सात पदकं त्यांनी हुडकून हुडकून घरी पोचवली. त्यांच्या वहीत वैमानिक एकही नाही. पॅराशूटच्या घड्या घालणारा आहे, रेडिओ दुरुस्त करणारा आहे, विमानाच्या चाकांत हवा भरणारा आहे. "यायच्या हाताखालून गेल्याबिगर विमान उडत नोहतं," हे वाक्य तर भाऊराव अशा थाटात म्हणतात, की जणू ती हवा त्यांनीच भरली होती.

आठवं पदक मात्र अडलं. १९७१च्या लढाईचं संग्राम पदक, काठावर कॉर्पोरल डी. एन. वाहाने. दोन वर्षं पत्रं लिहून झाली, हाती काही लागलं नाही. त्यातून मागे एकदा नुसत्या आडनावावर विसंबून त्यांनी एक पदक भलत्याच घरी दिलं होतं. हार घातलेल्या फोटोपुढून ते परत उचलताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून नियम एकच : खूण पटल्याशिवाय पदक द्यायचं नाही. इकडे नागपूरचे एक संग्राहक मागे लागले होते. पोळ्यापर्यंत घर सापडलं नाही, तर पदक त्यांच्या काचेच्या कपाटात जाणार, असा भाऊरावांनी शब्द देऊन टाकला होता.

मग त्यांना एक गोष्ट सुचली. वाहाने याच भागातला असेल, तर त्याने भाच्या-पुतण्यांच्या लग्नात भांडी दिलीच असणार, आणि भांडं म्हटलं की नाव आलंच. झालं! ज्या घरी जातील तिथे भाऊराव भांडी फिरवून पाहू लागले.

"लोकं म्हनतीन, गंज-भांडी चोरायले आला हा मानूस," त्यांची बायको सुशीला डोक्याला हात लावून म्हणायची.

पोळ्याला आठ दिवस उरले असताना सौंसरला एका बारशात पितळेचं गंगाळ दिसलं : 'चि. सौ. मीना हिस, मामा डोमाजी नत्थूजी वाहाने, वायुसेना.' अक्षर खुद्द भाऊरावांचंच, चाळीस वर्षांपूर्वीचं. मीना तिथेच होती, आता बाळाची आजी झालेली. मामा वारले, मामी केसरबाई लोधीखेड्याच्या पुढे एका लहानशा गावात राहतात, असं तिने सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी भाऊराव तिथे हजर. पदकाची काही खूण आहे का, असं विचारल्यावर केसरबाईंनी नकारार्थी मान हलवली. कागद घरासोबत जळाले होते. पदक सुनेने चुकून मोडीत दिलं होतं. तेव्हापासून गाव म्हणायचं, डोमाजी विमानतळावर चौकीदार होता. नवरा विमानाचं इंजिन बघायचा, हे बाईंनी सांगणंच सोडून दिलं होतं.

"मले वाचता येत नाई, बापू. खून काय देऊ?"

नाव जुळत होतं; पण नाव तर मागेही जुळलं होतं. भाऊरावांनी पदक उजेडात धरलं आणि काठ वाचायला घेतला. "दोन... तीन..." चष्मा घसरला म्हणून ते थांबले.

"सात, पाच, शून्य, आठ," केसरबाई म्हणाल्या.

भाऊरावांनी चष्मा सावरून काठ पाहिला. आकडे तेच होते.

"चिठ्ठी लिवनाऱ्या गुरुजीले मी दर खेपेले सांगो. नंबर चुकला तं चिठ्ठी पोचत नोहती."

भाऊरावांनी दोन्ही हातांनी पदक त्यांच्या ओंजळीत ठेवलं. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत. दारात उभ्या नातवाला, हेमंतला, ते जवळजवळ ओरडूनच म्हणाले, "तुहा आजा विमानाचं इंजिन पाहे, पोट्ट्या! चौकीदार म्हननाऱ्याले माह्याकडं धाड!"

पुढच्या बाजाराला केसरबाई नातवासोबत पांढुर्ण्याला आल्या. साडीवर पदक लावलेलं, पदराआड तांब्या. त्यावर नवऱ्याचं नाव आधीपासून होतं. आता काठावर नंबर हवा होता, सरकारने टाकला तसा. मागे लग्नाची भांडी घेऊन रांग खोळंबली होती. कोणीतरी कुरकुरलं.

केसरबाई वळल्या. "घाई नोका करू, भाऊ," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सहाच्या सहा आकडे पाह्यजेत."